सोनियाचं वेगळं पीठ

सोनियाच्या स्वयंपाकघरात पिठाचे दोन डबे असत. मोठ्या डब्यात घरातल्या सगळ्यांचं पीठ, आणि निळ्या झाकणाच्या छोट्या डब्यात तिचं एकटीचं. आपलं पीठ ती रविवारी खाली बसून मलमलच्या फडक्यातून चाळायची. वर राहिलेला कोंडा बाजूला काढायची आणि खालचं मऊ पीठ डब्यात भरायची. शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, आता लोक कोंड्याचं पीठ मुद्दाम पैसे देऊन आणतात आणि ही बाई कोंडा टाकून देते. सोनियाही त्यांच्यासोबत हसायची. तेव्हा ती अजून हसत होती.

तिचं दुखणं जुनं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मोठ्या आतड्याला आतून जखमा व्हायला लागल्या आणि शौचावाटे रक्त पडायला लागलं. गोळ्या झाल्या, सलायनी झाल्या, तोंड सुजवणारी औषधं झाली. मधल्या एका बऱ्या काळात शिवमशी लग्न झालं. त्यानं सगळं माहीत असताना केलं, हे तिनं कधी विसरायचं नाही असं तिच्या माहेरचे तिला वरचेवर सांगत. लग्नानंतर दुखणं उलटलं आणि पुण्याला नेऊन मोठं आतडं पुरतं काढून टाकावं लागलं. काही महिने पोटावर बाहेरून पिशवी होती. मग डॉक्टरांनी लहान आतड्याचंच टोक दुमडून आत एक छोटी पिशवी शिवली आणि ती खाली जोडून दिली. पाऊच म्हणतात त्याला. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. बाई उभी आहे, चालते, वाळूजच्या कंपनीत तपासणी विभागात नोकरी करते. कळतं ते फक्त तिला. कारण पाणी शोषणारं आतडंच नाही म्हटल्यावर दिवसातून कितीदा तरी उठावं लागतं, आणि काय खाल्लं त्यावर ते उठणं सुसह्य की असह्य हे ठरतं.

म्हणून तिनं एकेक पदार्थ शिकून घेतला. एका वेळी एकच नवी गोष्ट, तीही चमचाभर, मग दोन दिवस वाट बघायची. भात चालला. ताक चाललं. साल काढलेला बटाटा, अंडं, पिकलं केळ, वस्त्रगाळ पिठाची पोळी, हे सगळं चाललं. दूध प्यालं की पोटात नळ सोडल्यासारखं व्हायचं. हरभऱ्यानं वारा धरायचा. तिखटाची आग तोंडात व्हायची त्याच्या दुप्पट दुसऱ्या टोकाला. आणि मका, ओलं खोबरं, आख्खे शेंगदाणे, मेथीच्या काड्या यांना तर दारातसुद्धा उभं करायचं नाही, कारण ते न पचता तसेच पुढं जातात आणि अरुंद जागी गोळा होऊन वाट बंद करतात. पुण्याच्या दवाखान्यात तिला एक मुलगी भेटली होती. शस्त्रक्रिया तीच, डॉक्टर तेच. ती मुलगी शेंगदाण्याची चटणी चाटूनपुसून खायची आणि दह्याच्या थेंबानं आडवी व्हायची. ज्याचं त्याचं पोट निराळं, हे सोनियाला तिथं पहिल्यांदा नीट समजलं.

लोकांना मात्र ते समजत नव्हतं. लग्नात, बारशाला, सत्यनारायणाला तिच्या ताटाकडं सगळ्यांचं लक्ष. एवढंसं खाल्ल्यानं काय होतंय. मनातून काढून टाक म्हणजे पचेल. आमच्या मावशीला पण तसंच व्हायचं, ती आता मिसळ खाते. कुणी सांगायचं की नखरे आहेत, कुणी सांगायचं की बाहेरची बाधा आहे. सोनिया उत्तर द्यायची, समजवायची, मग नुसती मान हलवायची. राग यायचा, पण तो ती गिळायची. तेवढी एकच गोष्ट तिला कोणत्याही त्रासाशिवाय गिळता येत होती.

शिवमचा थोरला भाऊ विश्वजीत हा या सगळ्यांत निराळा माणूस होता, आणि म्हणूनच त्याची गोष्ट कठीण झाली. तो आधी विम्याची कामं करायचा. मग त्याला साखरेचा त्रास झाला, त्यानं कच्च्या भाज्या, मोड आलेली कडधान्यं यांच्यावर राहून वजन उतरवलं आणि साखर आटोक्यात आणली. इथवर ठीक होतं. पण त्याला जे लागू पडलं ते साऱ्या जगाला लागू पडणारच, असं त्यानं ठरवून टाकलं. सिडकोतला एक हॉल घेऊन तो दर रविवारी सकाळी आहाराचं शिबिर भरवायला लागला. 'कच्चं तेच सच्चं' असं त्या शिबिराचं नाव. माणसं यायची, गाजर-बीटाचा रस प्यायची, त्याचं बोलणं ऐकायची. बोलायचा छान. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ वैजापूरपासून पार जालन्यापर्यंत बघितले जायचे. त्याच्याकडं कोंडा, जवस आणि कसली कसली पानं दळून केलेली पूडही मिळायची.

तो वाईट नव्हता. पुण्याला सोनियाच्या पोटावरची पिशवी पहिल्यांदा निसटली आणि सगळं अंथरूण भरलं, तेव्हा शिवमला भोवळ आली होती. त्या वेळी विश्वजीतनं बाहेरून गरम पाणी आणलं, सिस्टरला हाक मारली आणि भावजयीला लाज वाटू नये म्हणून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. सोनियाच्या मनात त्या उभ्या राहण्याबद्दल फार मोठी जागा होती. त्याच्या शिबिरावर घरात कुणी हसलं तर तीच त्यांना गप्प करायची.

त्या वर्षी संक्रांतीच्या आसपास विश्वजीतच्या घरातल्या फरशा उखडून नव्या बसवायचं काम निघालं. तो, त्याची बायको तनुजा आणि सोनियाच्या सासूबाई मनकर्णाबाई, असे तिघं काही आठवडे शिवमच्या घरी राहायला आले. सोनियाची कंपनीत सकाळची पाळी. तिनं तनुजाला स्वयंपाकघर दाखवलं, निळं झाकण दाखवलं आणि सांगितलं की ताई, माझ्या पोळ्या तेवढ्या यातून करा, बाकी माझं काही नाय. तनुजानं व्हय म्हटलं आणि रविवारचं चाळणंही आपल्याकडं घेतलं. शांत बाई होती, नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी.

आठवडाभरात सोनियाचं बिनसायला लागलं. आधी पोट फुगलं. मग उठणं वाढलं. मग आग सुरू झाली. ही आग म्हणजे काय ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. कातडी सोलवटून जाते आणि पाण्याचा स्पर्शही नको होतो. कंपनीत ती सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहू शकेना. दर अर्ध्या तासाला कुणाला तरी जागेवर उभं करून पळावं लागायचं, आणि साहेबाच्या कपाळावरची आठी तिला पाठीला डोळे असल्यासारखी दिसायची. पोळी जरा काळपट आणि खरखरीत लागत होती. तिनं तनुजाला विचारलं, पिठात काही वेगळं आहे का. तनुजा म्हणाली, नवा गहू आणलाय.

सोनियानं विश्वास ठेवला. घरातल्या बाईनं सांगितल्यावर कोण उलटतपासणी घेतं? तिनं दोष स्वतःकडं घेतला. ताक बाधत असेल म्हणून ताक सोडलं. मग अंडं सोडलं. मग संध्याकाळचं जेवणच सोडलं. एवढ्या कष्टानं, एकेक चमचा करून मिळवलेले पदार्थ तिनं एकेक करून परत केले, आणि जे बाधत होतं ती पोळी मात्र रोज खात राहिली. शिवम म्हणाला, तू टेन्शन घेतेस. मनकर्णाबाई म्हणाल्या, पोरीला दृष्ट लागली. आणि विश्वजीत रोज जेवताना प्रेमानं विचारायचा, आज किती पोळ्या खाल्ल्यास, बरं वाटतंय ना. ती म्हणायची, नाय भाऊजी, लई त्रास होतोय. तो हसून सांगायचा की शरीर जुनं सोडतंय, होऊ दे.

त्या बोलण्याचा अर्थ तिला तेव्हा कळला नाही.

मग हुरड्याचा दिवस आला. वैजापूरजवळ त्यांचं शेत होतं आणि दर वर्षी कोवळ्या ज्वारीची कणसं भाजायला सगळं कुटुंब तिथं जमायचं. गोवऱ्यांची आगटी पेटली, कणसं राखेत गेली, गरम गरम दाणे तळहातावर चोळून पोरंबाळं शेंगदाण्याच्या चटणीसोबत खायला लागली. सोनिया लिंबाच्या सावलीत बसून नुसता वास घेत होती. हुरडा तिला लहानपणापासून जीव की प्राण. आताशा ती तो नाकानं खायची, असं ती स्वतःच विनोदानं म्हणायची. तनुजानं तिच्यासाठी निराळा डबा आणला होता: मऊ भात आणि बटाट्याच्या टिक्क्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं. सोनियानं भुकेपोटी, चवीकडं फारसं लक्ष न देता चार टिक्क्या खाल्ल्या आणि तनुजाचे आभारही मानले.

दुपार कलली तशी कळ सुरू झाली. ही रोजची कळ नव्हती. पोट ढोलासारखं ताणलं आणि खालून सगळं बंद झालं. दिवसभर ज्या धावपळीला ती शिव्या घालायची, ती अचानक थांबली, आणि ते थांबणं किती भयंकर असतं हे तिला माहीत होतं. डॉक्टरांनी बजावलेलं होतं. तिनं शिवमला बोलावून सांगितलं की गाडी काढ, आतडं अडलंय. विश्वजीत म्हणाला, घाबरू नका, कोमट पाण्यातून पूड देतो, मोकळं होईल. ग्लास तिच्या ओठांपर्यंत आला. तिनं तो हातानं ढकलला. बरं झालं ढकलला, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

गाडी शहरात पोहोचेस्तोवर ती दोनदा ओकली. दवाखान्यात नाकातून नळी घातली, सलायन लावलं, पोटाचा फोटो काढला. लहान आतडं फुगून एकावर एक चढलं होतं. डॉक्टरांनी पुण्याच्या सर्जनला फोन लावला आणि ठरलं की वाट बघायची. सुटलं तर ठीक, नाहीतर पुन्हा पोट उघडायचं. मग त्यांनी विचारलं, काय खाल्लं होतं. तिनं सांगितलं, भात आणि बटाटा. त्यांनी समजुतीच्या सुरात पुन्हा विचारलं, खरं सांगा, हुरडा खाल्ला असेल तरी मी रागावणार नाही. तिनं शपथ घेतली. त्यांच्या चेहऱ्यावरून तिला दिसलं की त्यांचा विश्वास बसलेला नाही. शिवमनंही तिच्याकडं तशाच नजरेनं पाहिलं. त्या नजरेचा राग तिला पुढं कितीतरी दिवस पुरला.

तेवढ्यात तिला पुन्हा उमासा आला आणि ती ट्रेमध्ये ओकली. ट्रेमध्ये पिवळी, चिवट, न पचलेली सालं होती. मक्याची. सोबत खोबऱ्याचा भरड चोथा. सोनियानं ते पाहिलं. मग मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या तनुजाकडं पाहिलं.

तनुजा काही विचारायच्या आधीच रडायला लागली. हुंदक्यांत तिनं सांगितलं की टिक्कीत मका आणि ओलं खोबरं भरड वाटून घातलं होतं. आणि पिठात पूड मिसळत होते, आल्यापासून रोज. यांनी सांगितलं होतं. तिला माहीत नसलं तर पचेल, माहीत झालं तर मन पचू देणार नाही, असं यांचं म्हणणं.

सोनियाच्या नाकात नळी होती. तिला ओरडता येत नव्हतं, आणि ओरडायला जीवही नव्हता. तिनं हातानं फक्त दाराकडं बोट केलं. तनुजा बाहेर गेली.

दोन-तीन दिवसांनी अडथळा आपोआप सुटला. पोट उघडावं लागलं नाही. घरच्यांनी देवापुढं साखर ठेवली आणि सगळ्यांना वाटलं की प्रकरण मिटलं. विश्वजीत दवाखान्यात आला, तेव्हा तो खजील दिसत होता, पण घाबरलेला नव्हता. खुर्ची ओढून बसला आणि समजावून सांगायला लागला की हेतू वाईट नव्हता. प्रमाण चुकलं एवढंच. मका एकदम द्यायला नको होता. ती ऐकत राहिली. भिंतीकडं तोंड करून उभा राहिलेला तो माणूस हाच का, असं तिला वाटलं. तेव्हा त्याला तिची लाज कळली होती. आता तिचा नकार कळत नव्हता. घरी परतली तेव्हा पाहुणे आपल्या अर्ध्या फरशांच्या घरात निघून गेले होते. तिनं निळ्या झाकणाचा डबा पिठासकट कचऱ्याच्या गाडीत टाकला.

ती कामावर रुजू झाली त्या आठवड्यात सोबतच्या एका बाईनं तिला मोबाइल दाखवला. बाई कौतुकानं म्हणाली, तुम्ही तर प्रसिद्ध झालात. व्हिडिओ विश्वजीतचा होता. त्यात सोनिया स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी बसून पोळी खात होती. कुणीतरी बाजूनं, तिला न कळता चित्रण केलं होतं. वर विश्वजीतचा आवाज होता: माझ्या भावजयीला मोठं आतडंच नाही, डॉक्टरांनी तिला जन्मभर मऊ भात खायला सांगितलं होतं, आणि आज बघा, ती आपल्या पुडीच्या पोळ्या आनंदानं खातेय. खाली शेकडो लोकांनी हात जोडले होते. कुणी लिहिलं होतं, माझ्या भावाला पण हाच आजार आहे, पूड कुठं मिळेल.

सोनियानं तो व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी तिनं स्वतःचा चेहरा पाहिला. त्या पोळी खाणाऱ्या बाईच्या डोळ्यांखाली काळं होतं, आणि घास घेताना ती दुसरा हात पोटावर दाबून धरत होती. ज्याला दिसायचं त्याला दिसलं असतं.

तिनं विश्वजीतला फोन केला आणि व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. तो म्हणाला, काढतो, पण त्यानं लोकांना उमेद मिळतेय. ती म्हणाली, मी दवाखान्यात पडले होते तेव्हापण तो सुरूच होता. तो म्हणाला, अगं, एका अपवादानं नियम मोडत नाय. दोन दिवसांनी तिनं पाहिलं, व्हिडिओ तसाच होता. शिवमला सांगितलं तर तो मान खाली घालून म्हणाला, थोरला आहे, पुण्याला त्यानं किती केलंय, घरातल्या घरात मिटवू. सोनियानं विचारलं, कसं मिटवणार ते सांग. शिवम चपला घालून बाहेर गेला. ते दोघं त्या दिवसापासून एकमेकांशी कामापुरतं बोलायला लागले.

रविवारी ती उठली, अंघोळ केली, पोटभर भात खाल्ला आणि रिक्षा करून सिडकोतल्या हॉलवर गेली. शिवमला तिनं सांगितलं नाही. हॉल भरलेला होता. म्हातारे, बाया, दोन-तीन तरुण, हातात रसाचे ग्लास. विश्वजीत माइक घेऊन पचनशक्तीबद्दल बोलत होता. तिला पाहून तो थबकला आणि मग, सवयीनं असेल, हसून म्हणाला की आज आपल्यामध्ये एक खास पाहुणी आली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं पुढं जाऊन त्याच्या हातातला माइक मागितला. त्यानं दिला.

"व्हिडिओतली पोळी खाणारी बाई मी आहे," ती म्हणाली. "त्या पोळीत पूड आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं, तर खोटं सांगितलं. मला लई त्रास होतोय हे मी रोज सांगत होते, तर म्हणाले शरीर जुनं सोडतंय. मग एक दिवस मला मका चारला. माझं आतडं अडलं. नाकात नळी घालून दवाखान्यात पडले होते, तवा हा व्हिडिओ तुम्ही बघत होता."

विश्वजीत पुढं आला. सोनिया, इथं नको, असं हळू म्हणाला. तिनं त्याच्याकडं न बघता पुढं बोलणं चालू ठेवलं. आपण दिवसातून किती वेळा उठतो ते सांगितलं. कातडी कशी सोलवटते ते सांगितलं. चारचौघांत जे शब्द बाई माणूस तोंडातून काढत नाही ते सगळे शब्द तिनं माइकवर काढले. समोरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं ग्लास खाली ठेवला.

"तुमच्यातल्या कुणाला गाजर-काकडी सोसत असेल तर खुशाल खा," ती म्हणाली. "माझं त्याच्याशी भांडण नाय. माझं भांडण एवढंच, की माझ्या पोटाला काय सोसतं हे मी सांगितल्यावर ते खोटं कसं ठरवलं. पोट माझं आहे. कुणाच्या घरात असं दुखणं असेल तर त्या माणसाला विचारा. ह्यांना नका विचारू, आणि मलापण नका विचारू."

माइक तिनं खुर्चीवर ठेवला. मागून एक तरुण बोलला की बाईंचं मन कमकुवत आहे, म्हणून पचलं नाही. कुणीतरी त्याला खाली बसवलं. दोन बाया उठून निघाल्या, त्यांच्यामागं आणखी काहीजण. बाकीचे बसून राहिले, आणि सोनिया जिना उतरत असताना तिला ऐकू आलं की विश्वजीतनं पुन्हा बोलायला सुरुवात केली आहे.

संध्याकाळपर्यंत विश्वजीतनं व्हिडिओ काढून टाकला. शिबिर मात्र बंद पडलं नाही. महिनाभर माणसं कमी आली आणि मग पुन्हा पहिल्यासारखी यायला लागली. सोनियाला हे कळलं तेव्हा तिनं हातातलं काम तसंच ठेवलं आणि कितीतरी वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिली. जगाला एका सकाळीत शहाणं करता येतं असं तिलाही कुठंतरी वाटलं होतं. त्या वाटण्याचाही तिला राग आला.

मनकर्णाबाईंनी निरोप न देता येऊन तिला गाठलं. म्हणाल्या, घरातलं घरात ठेवायचं होतंस, पोराची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. सोनिया म्हणाली, "आई, भाऊजींनी मला चोरून चारलं तवा मला कुणी विचारायला आलं नाय. आता माझ्या बोलण्याला परवानगी का लागते?" म्हातारी उठली. जाताना तिनं सोनियाच्या पोटाकडं पाहिलं आणि विचारलं, आज काय खाल्लंस. एवढ्या वर्षांत तिनं हा प्रश्न नुसता प्रश्न म्हणून पहिल्यांदा विचारला होता. सोनियानं सांगितलं, भात आणि अंडं. म्हातारीनं मान हलवली आणि गेली.

विश्वजीतही एकदा आला. उभ्या उभ्याच म्हणाला की चुकलं असेल तर माफ कर. सोनिया म्हणाली, चुकलं असेल तर नाय भाऊजी, चुकलं म्हणा, मग बघू. तो शब्द काही त्याच्या तोंडातून निघाला नाही. चहा न घेता निघून गेला. तनुजाचा फोन मात्र अधूनमधून येत राहिला. सोनिया तो उचलत नव्हती. विश्वजीतनं जे केलं ते वेडापायी केलं, हे तिला कसंबसं समजून घेता येत होतं. पण जिनं हातानं पीठ मळलं, ताटात वाढलं आणि डोळ्यांत बघून नवा गहू म्हणून सांगितलं, तिच्यासाठी सोनियाकडं समजूत उरलेली नव्हती. हे बरोबर की चूक, याचा तिनं निवाडा केला नाही.

शिवमशी अबोला पुढं बरेच दिवस चालला. त्याला वाटत होतं की तिनं त्याला न सांगता जायला नको होतं. तिला वाटत होतं की दवाखान्यातल्या त्या नजरेबद्दल त्यानं आधी बोलावं. शेवटी एकदा जेवताना तो आपणहून बोलला. म्हणाला, "मला वाटलं होतं तू हुरडा खाल्लास. डॉक्टरपेक्षा मी आधी तुझ्यावर विश्वास ठेवायला पाहिजे होता." ती ताट घेऊन त्याच्या समोरच्या खुर्चीवरून शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. वैजापूरच्या शेतावरच्या पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं, तेव्हा शिवमनंच फोनवर सांगितलं की आम्ही येणार नाय. फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा पडला होता. भाऊ तोडणं सोपं नसतं. सोनियाला त्याचा आनंद झाला नाही, आणि वाईटही वाटलं नाही.

उन्हाळा लागता लागता एक बाई पत्ता शोधत घरी आली. चंपाबाई नाव, शहागंजात बांगड्यांचं दुकान. त्या रविवारी हॉलमध्ये होती म्हणाली. तिच्या मुलीचंही तेच ऑपरेशन झालेलं, मुलगी सुकत चाललेली. पुडी आणली होती ती नाल्यात फेकली. आता तुम्हीच सांगा काय चारू, असं म्हणून तिनं पदराची गाठ हातात धरली, जणू उत्तर त्यात बांधून न्यायचं होतं.

सोनियाच्या डोक्यात तिडीक उठली. मला विचारू नका असं माइकवर सांगितलेलं या बाईनं कानांनी ऐकलं होतं. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात तिला चंपाबाईच्या मनगटावरच्या बांगड्या दिसल्या, बाई इतकी वाळली होती की त्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पोरीसोबत हिनंदेखील जेवण सोडलं होतं.

"मुलगी काय म्हणते?" सोनियानं विचारलं.

"ती काय म्हणणार. डॉक्टर म्हणतात हळूहळू सगळं खा. माझी जाऊ म्हणते पेजेवर ठेव. मी पेजच देते. ती पेज बघितली की तोंड फिरवते."

"किती दिवस पेज देताय?"

चंपाबाई पदराची गाठ सोडायला-बांधायला लागली.

"तिला फोन लावा," सोनिया म्हणाली. "आत्ता. तिला काय खावंसं वाटतंय ते तिच्या तोंडून ऐकू. मग डॉक्टरांना विचारून त्यातलं एक, चमचाभर, सावकाश चावून. बाधलं तर थांबायचं, नाय बाधलं तर पुढं. लई वेळ लागतो. आणि तिला न सांगता ताटात काही घालायचं नाय, मीठसुद्धा नाय."

चंपाबाईनं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून पोरीचा बारीक, वैतागलेला आवाज आला. आईनं विचारलं, तुला काय खावंसं वाटतंय गं. मग ती पोरगी म्हणाली, "का? आज काय झालंय?"

तिच्या त्या आवाजातला राग सोनियानं ओळखला. ती पुढं वाकली आणि फोन आपल्याकडं ओढून घेतला. "काय झालं नाय, तुझं तू सांग, आम्ही ऐकतोय," ती म्हणाली.